कूलर चालू होता का?

बाहेरगावच्या माणसाला नागपूरचा उन्हाळा म्हटलं की आकडे आठवतात. पारा कुठे पोचला, कालच्यापेक्षा किती चढला. आम्हा इथल्यांना उन्हाळा आधी कानांनी कळतो. होळी होऊन चार दिवस जातात न जातात तोच गल्लीत कुठेतरी पहिला कूलर सुरू होतो. वर्षभर खिडकीत प्लास्टिक पांघरून बसलेला तो पत्र्याचा पेटारा पहिल्या दिवशी खोकतो, धूळ उडवतो, पंपातून गढूळ पाणी ओकतो आणि मग एकदाचा सूर धरतो. मग शेजारचा, मग समोरचा. आठवड्याभरात अख्खा लेआउट, म्हणजे आमची सगळी वसाहत, घरघरायला लागतो आणि पावसाळा लागेपर्यंत आम्ही एकमेकांशी ओरडून बोलतो. पुण्याची आमची लेक म्हणते, आई, तुम्ही लोक फोनवरसुद्धा भांडल्यासारखे बोलता. बाई गं, वर्षातले तीन महिने पत्र्याच्या पंख्यावर आवाज चढवावा लागला की गळ्याला तीच सवय लागते.

यंदाही कूलरच्या खसच्या ताट्या बदलणारा माणूस येऊन गेला. नव्या खसवर पहिलं पाणी पडलं की जो वास येतो, तो मला अजून लहान मुलीसारखा आवडतो. पण त्या वासापाठोपाठ दरवर्षी मला एक जुना उन्हाळा आठवतो. मी पदर खोचून उभी राहते, कूलरचं बटण दाबते, घरघर सुरू होते, आणि मग ती आठवण हळूहळू विरून जाते. घरात कोणाला हे सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही, कारण घरात आम्ही दोघंच असतो आणि दुसऱ्यालाही त्याच वेळी तेच आठवत असतं, हे मला ठाऊक आहे.

दुसरे म्हणजे आमचे वकीलसाहेब. लग्न झालं तेव्हा ते नवे नवे वकील झाले होते आणि मी थट्टेनं त्यांना असं म्हणायला लागले. ते मला मास्तरीणबाई म्हणतात, कारण मी शाळेत भूगोल शिकवत असे. दोन्ही नावं थट्टेत सुरू झाली आणि अंगाला चिकटली. साहेब मूळचे कामठीचे. सासरे मागावर काम करायचे. त्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खालच्या फळीवर मुलाची कायद्याची पुस्तकं. सासऱ्यांना ती वाचता येत नव्हती, पण कामावरून आले की हातपाय धुऊन त्यांवरची रुई झटकायचे. कायद्याचं पुस्तक आमच्या घरात असं आलं, म्हणून त्याचा धाक मला नेहमीच वाटत आला.

पुढे वकीलसाहेब सरकारी वकील झाले आणि मग मोठे सरकारी वकील झाले. इतके मोठे की कुठल्याही राज्यात एखादा भयंकर गुन्हा झाला आणि लोक रस्त्यावर आले, की सरकार यांना विशेष वकील म्हणून बोलावून घेई. हे उभे राहिले म्हणजे आरोपी सुटत नाही, अशी ख्याती झाली. वर्तमानपत्रं त्यांना फाशीवाले वकील म्हणू लागली. काही लोकांनी हे कौतुकानं म्हटलं, काहींनी शिवी म्हणून. टीकाही पुष्कळ झाली. हा माणूस खटला कोर्टाच्या आत कमी आणि पायऱ्यांवर कॅमेऱ्यांपुढे जास्त चालवतो, असं लिहून यायचं. त्यातलं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. कॅमेरा दिसला की आमच्या साहेबांचा हात आपोआप केसांवरून फिरायचा. मी टीव्हीसमोर बसून ते बघायची आणि हसायची, पण मलाही अभिमान वाटायचा. भाजीवाला मला मापापेक्षा दोन वांगी जास्त द्यायचा, ते काही भूगोलासाठी नव्हतं.

धमक्या येत म्हणून दारात पोलिसांचा पहारा होता. नितनवरे नावाचे हवालदार व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले असत. मी कोथिंबीर आणायला निघाले तरी ते बंदूक सावरत मागे. कोथिंबीर निवडताना पाठीमागे बंदूक असली की बाई घासाघीस करू शकत नाही, हे माझं अनेक वर्षांचं दुःख आहे.

आमच्या घरात एक रीत होती. कुठल्याही मोठ्या खटल्यात शेवटचा युक्तिवाद करायच्या आधी वकीलसाहेब रविवारी दुपारी मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "चल मास्तरीणबाई, तू आरोपीची बाजू घे. सोडव त्याले." मग ते साक्षी वाचून दाखवायचे आणि मी हातातलं काम न सोडता आरोपीच्या वतीनं भांडायची. मला कायदा कळत नसे, म्हणून मी बाईमाणसाचे प्रश्न विचारायची. दूध नासलं होतं तर चहा कसा केला? ओले कपडे दोरीवर होते तर ती बाहेरगावी कशी गेली? ते खूश व्हायचे, उत्तर शोधून काढायचे, आणि दर वेळी मी हरायची. इतक्या वर्षांत माझा एकही आरोपी सुटला नव्हता.

त्या उन्हाळ्यात हातात होता तो खटला आमच्याच शहरातला. निर्मलाताई नावाच्या मुख्याध्यापिकेचा तिच्या राहत्या घरात खून झाला होता, दोन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी. एकटी राहायची, गरीब मुलांना घरी बोलावून फुकट शिकवायची. तिचे जुने विद्यार्थी देशभर पसरलेले, त्यांनी जागोजागी मेणबत्त्या लावल्या आणि खटला गाजला. आरोपी होता मंगेश, शाळेची व्हॅन चालवणारा कामठीचा तरुण. निर्मलाताईनं आठच दिवसांपूर्वी त्याला कामावरून काढलं होतं. त्या दिवशी सकाळी तो विनवण्या करायला तिच्या घरी गेला, शब्दाला शब्द लागला, हे त्यानं स्वतःच कबूल केलं होतं. पण आपण सकाळीच परत गेलो, दुपारी तिकडे फिरकलोही नाही, असं तो म्हणत होता.

तो दुपारी तिथे होता, हे सांगणारा एकच माणूस होता. निर्मलाताईचे शेजारी देशकरकाका, बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. दोन घरांच्या खिडक्या समोरासमोर. जेवून पलंगावर पडलो होतो, पलीकडून मंगेशचा आवाज आला, "तुमाले पस्तावा होईन," असं तो ओरडला, अशी त्यांची साक्ष. पोलिसांनी खात्रीही करून घेतली होती. श्रावणात एक शिपाई निर्मलाताईच्या घरात उभा राहून बोलला आणि अधिकारी देशकरांच्या पलंगाजवळ उभे राहिले. शब्द न् शब्द ऐकू आला. पुढे दीड वर्षानं कोर्टात साक्ष झाली ती हिवाळ्यात, पंखेसुद्धा बंद असताना. मंगेशच्या बाजूनं दिल्लीचे दोन वकील आले होते, पण ते गारेगार हॉटेलात उतरायचे आणि गारेगार गाडीतून कोर्टात यायचे. त्यांनी देशकरांना चष्म्याचा नंबर विचारला, वय विचारलं, बँकेतली बढती विचारली.

फाशीच मागणार, असं वकीलसाहेबांनी कॅमेऱ्यांपुढे सांगून ठेवलं होतं. आणखी एक गोष्ट त्याच सुमारास हवेत होती. देशातल्या सरकारी वकिलांचं जे सर्वांत वरचं पद समजतात, त्यासाठी दिल्लीत यांचं नाव घेतलं जात होतं. हा निकाल लागला की फोन येणार, असं सगळे म्हणत. मी मनातल्या मनात दिल्लीच्या सरकारी बंगल्यात पापड वाळत घालून पाहिले होते.

असा तो एप्रिलमधला रविवार. मी बाहेरच्या खोलीत कूलरसमोर सरगुंडे वळत बसले होते. वकीलसाहेबांना आंब्याचा रस आणि सरगुंडे म्हणजे जीव की प्राण. कणकेची बारीक पट्टी काडीवर वळायची आणि हलकेच सोडवून घ्यायची, असलं बोटांचं काम असतं ते. मान खाली घातली की डोक्यात दुसरं काही येत नाही. ते आतल्या खोलीत येरझारा घालत देशकरांची साक्ष वाचत होते, कोर्टात वाचतात तसं मोठ्यानं. माझ्यापर्यंत नुसती गुणगुण येत होती.

"अहो, काहीच ऐकू नाही येऊन राहिलं," मी ओरडले. गुणगुण तशीच चालू राहिली. त्यांनाही माझं ऐकू आलं नव्हतं. शेवटी पिठाच्या हातानं मीच उठले आणि कूलर बंद केला.

घरघर थांबली, पंपाचं पाणी टपटपत राहिलं, आणि आतून वकीलसाहेबांचा आवाज लख्ख आला, "मी पलंगावर पडलो होतो. मला स्पष्ट ऐकू आले."

मग तेही थांबले. दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, वाचताना मध्येच कूलर बंद केला म्हणून चिडले.

"बंद काहून केला?"

"ऐकूच नव्हतं येत ना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चालू कर." मी चालू केला. ते आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "काय ऐकलं?" मी म्हटलं, काही नाही. ते पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर आले. तिसऱ्यांदा तर घसा फुटेस्तोवर ओरडले असणार, कारण व्हरांड्यातून नितनवरे धावत आले, पण मी कूलरपाशी बसलेली आणि माझ्यापर्यंत शब्द असा एकही पोचला नाही. नुसता कोणीतरी माणूस ओरडतोय एवढं कळलं. वकीलसाहेब माझ्यासमोर जमिनीवरच बसले, सरगुंड्यांच्या परातीला लागून. चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"देशकर खोटं बोलले?"

"नाही वं. तो माणूस खोटं बोलणारा नाही."

"मग?"

"मग काय. मे महिन्याची दुपार, नागपूर, आणि कूलर चालू होता का, हे कोणीच नाही विचारलं. मीही नाही." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "कामठीच्या पत्र्याच्या खोलीत वाढलेला माणूस मी. मलेसुद्धा नाही सुचलं."

खरं सांगते, मला त्या क्षणी जिंकल्याचा आनंद झाला. इतक्या वर्षांनी माझा एक आरोपी सुटत होता. मी काहीतरी थट्टेचं बोलणार, तेवढ्यात ते उठले आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "हे बचावाच्या वकिलांनी विचारायचं होतं. त्यांनी नाही विचारलं. आता साक्षी संपल्या. हे काम माह्यं नाही."

"मग कोणाचं आहे?" मी म्हटलं.

त्यांनी साक्षीचे कागद गोळा करून कपाटात ठेवले. त्या दिवशी रस झाला, सरगुंडे उकडले गेले, आणि कोणी खाल्ले नाहीत.

पुढचे दिवस मला कसे गेले ते कसं सांगू. मी घाबरले होते. मंगेशसाठी तर घाबरले होतेच, वर्तमानपत्रातला त्याचा फोटो बघवत नव्हता. पण त्याहून जास्त स्वतःसाठी घाबरले होते. समजा हे गप्प राहिले. समजा फाशीची शिक्षा झाली, दिल्लीचा फोन आला, आम्ही बंगल्यात राहायला गेलो. तर मग मी या माणसाला ताट वाढणार, त्याच्या शर्टाला बटण लावणार, त्याच्या शेजारी म्हातारी होणार. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे आहे ते संपलं असतं, आणि संसार मात्र चालू राहिला असता. या वयात नवऱ्याबद्दल आदर संपणं म्हणजे काय, ते बायकांनाच विचारावं. मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी माझ्यासाठी केलं असतं, आणि मला ते माझ्यासाठी केलेलं नको होतं.

ते जेवत नव्हते. दुपारी कूलर बंद करून पडायचे, घामानं निथळायचे. नितनवरे हळूच मला म्हणाले, "म्याडम, साहेब कूलर बंद करून काहून झोपून राह्यले? गरमीनं काही होईन ना त्याइले." मी म्हटलं, सर्दी झाली आहे. नितनवऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोलिसाशी खोटं बोलू नये हे मला पटलं.

मग एका सकाळी वकीलसाहेब आंघोळ करून आले, कोट हातात घेतला आणि आरशासमोर केस विंचरता विंचरता म्हणाले, "देशकरांना परत बोलावण्याचा माझा अर्ज मंजूर झाला. आज येऊन राहिले ते." मी कंगवा त्यांच्या हातातून घेतला आणि म्हटलं, मीही येते. लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्या कोर्टात गेले.

कोर्टाची ती खोली मला शाळेच्या वर्गाएवढीच वाटली. मागच्या बाकावर मी बसले. पुढे निर्मलाताईची म्हातारी आई होती. खटला सुरू झाला तेव्हा तिनं वकीलसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, माझ्या लेकीला न्याय द्या. आरोपीच्या पिंजऱ्यात मंगेश, इतका वाळलेला की सदऱ्याच्या आत कोणी आहे की नाही अशी शंका यावी. देशकरकाका आले, शपथ घेतली, सवयीनं चष्मा पुसला.

"देशकरसाहेब, त्या दुपारी तुम्ही ज्या खोलीत पडला होतात, तिथे कूलर आहे का?"

"आहे."

"चालू होता का?"

काकांना हसू आलं. "मे महिना होता, साहेब. दुपारची वेळ. चालू नसता तर मी आज साक्ष द्यायला राहिलो असतो का?"

सगळे हसले. न्यायाधीशही हसले. वकीलसाहेब तेवढे हसले नाहीत. "मग पलीकडच्या घरातलं बोलणं तुम्हाला कसं ऐकू आलं?"

देशकरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. दिल्लीचे वकील एकमेकांच्या बाह्या ओढायला लागले होते.

"थांबा," काका म्हणाले. त्यांची कोर्टातली शुद्ध भाषा सुटली आणि घरची आली. "सकाळी नळाले पाणी येते. तेव्हा टाकी भराले मी कूलर बंद करतो. तेव्हा ऐकलं मी ते. सकाळी. दुपारी तर मले हिनं हलवून उठवलं, बाहेर लोक जमले होते तेव्हा." त्यांनी कठडा धरला. "खून दुपारी झाला म्हणून सगळे म्हणत होते. माह्या डोक्यात ते दुपारीच जाऊन बसलं. साहेब, मी खोटं नव्हतो बोललो."

"मला माहीत आहे," वकीलसाहेब म्हणाले. मग त्यांनी न्यायाधीशांकडे वळून सांगितलं की या साक्षीच्या आधारे सरकार आरोपीला दोषी म्हणू शकत नाही. आवाज साधा होता, भाजी काय आणू विचारतात तेवढा साधा. मागच्या बाकावर मी पदर तोंडाशी धरून रडत होते. इतकं मोकळं मला माझ्या लेकीच्या जन्मानंतर वाटलं नव्हतं.

मंगेश काही दिवसांतच निर्दोष सुटला, आणि मग जे व्हायचं ते झालं. वकील विकला गेला, अशा घोषणा आमच्या दारात झाल्या. पुतळा जाळला. पुतळ्याच्या डोक्यावर पत्र्याचा डबा ठेवला होता, तो कूलर, हे मला नितनवऱ्यांनी समजावून सांगितलं. टीव्हीवर रोज कोणीतरी विचारायचं, जन्मभर फाशी मागणाऱ्याला अचानक आरोपीची दया कशी आली? कालपर्यंत फाशीवाले म्हणून नाव ठेवणारे आता कूलरवाले म्हणून नाव ठेवू लागले. इतर राज्यांतले खटले एकेक करून काढून घेतले गेले. दिल्लीचा फोन आला नाही. भाजीवाल्यानं दोन वांगी कमी केली.

खटले गेले तसा पहाराही गेला. निघताना नितनवरे फार कळवळले. "म्याडम, आता तं खरी गरज हाय तुम्हाले, अन् आताच मले काढून राह्यले." त्यांना मी चहा दिला, लाडू बांधून दिले. ते फाटकाबाहेर पडले आणि मी रिकाम्या व्हरांड्यात जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. समोर गुलमोहर फुलला होता. तो दरवर्षी फुलत असणार, पण बंदुकीच्या पलीकडे मी कधी पाहिलाच नव्हता.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. जग आमच्यावर थुंकत होतं आणि आम्ही दोघं रस-सरगुंडे खात होतो. वकीलसाहेब दुपारी कूलर पूर्ण वेगात लावून झोपायचे आणि त्याच्यावर ताण करून घोरायचे. संध्याकाळी आम्ही अंबाझरी तलावावर पायी फिरायला जायचो, मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. एकदा एका माणसानं ओळखून तोंडावर शिवी दिली. वकीलसाहेबांनी त्याला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "भुट्टा खातं का?" आम्ही भुट्टा खाल्ला. मला त्या उन्हाळ्याइतका सुखाचा उन्हाळा दुसरा आठवत नाही.

सगळंच सुखाचं होतं असं मात्र नाही. सुट्टी संपायच्या आत वकीलसाहेब निर्मलाताईच्या आईला भेटायला गेले होते. तिनं त्यांना बसायला सांगितलं, पाण्याचा पेला पुढे केला, पण शेवटपर्यंत बोलली नाही. ती आता नाही. तिच्या लेकीला कोणी मारलं ते अजूनही कळलेलं नाही. ज्यांना आधी शोधायला हवं होतं, त्यांना शोधण्याचे दिवस मंगेशवर बोट रोखण्यात निघून गेले, आणि ते बोट आमच्या घरचंही होतं. वकीलसाहेब अजून कधीकधी जेवताना मध्येच थांबतात, तेव्हा ते कुठे गेलेत ते मी विचारत नाही. मंगेशनं ते केलं नाही, असं मीही शपथेवर सांगू शकत नाही. पण केलं असं सांगू शकणारा कोणी नाही, आणि एवढ्यावर माणसाचा जीव घेता येत नाही, इतका कायदा मला त्या उन्हाळ्यानं शिकवला.

त्यानंतर ते छोट्या खटल्यांत रमले, मग तेही बंद केलं. आता घरी असतात, कूलरमध्ये पाणी भरतात आणि टाकी भरून वाहीपर्यंत कोणाशी तरी गप्पा मारतात.

गेल्या आठवड्यात कामठीला पुतण्याच्या बाळाच्या नामकरणाला गेलो होतो. आमची गाडी दुरुस्तीला, म्हणून परत येताना चौकात शेअर ऑटोची वाट पाहत उभे राहिलो. ऊन अजून उतरलं नव्हतं. एक ऑटो थांबला. आत दोन बायका होत्या, त्या सरकल्या. वकीलसाहेबांनी एक पाय आत टाकला आणि चालकानं मागे वळून पाहिलं. गळ्यात गमछा, पुढचे केस विरळ, अंगानं भरलेला माणूस. मी ओळखलं नाही. यांनी ओळखलं.

"उतरा," तो म्हणाला.

त्या बायकांतली एक म्हणाली, "काहून गा, जागा हाय ना."

"ह्या मानसाले नाही बसवत मी माह्या गाडीत." तो समोर बघून बोलत होता, हँडलवर हात आवळलेले. "दोन वर्षं मले खुनी म्हनलं यानं. भर कोर्टात, बोट दाखवून. माही माय मेली तवा मी आत होतो." मग एकदम वळला. "आखरीच्या दिवशी खरं बोलले तुमी. त्याचं मी काय करू?"

साऱ्या जगाशी वाद घालायला पुरतील इतके शब्द आमच्या साहेबांजवळ असतात. त्यांनी त्यातले तीनच काढले. पाय खाली घेतला. "बरोबर आहे तुहं," एवढंच म्हणाले. ऑटो धूर सोडत गेला. त्या दोघी बायका मागे वळून आमच्याकडे बघत होत्या, हे म्हातारा-म्हातारी कोण म्हणून.

मला वाटलं आता हे खचतील. मी त्यांचा हात धरला. तर ते ऑटो गेला त्या दिशेला टक लावून बघत होते आणि त्यांच्या ओठांवर हसू होतं.

"केवढा रागावला," मी म्हटलं. "निर्दोष माणसालेच असा राग येते."

"राग पुरावा नसते, मास्तरीणबाई," ते म्हणाले. मग गमछा नव्हता म्हणून सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "पण पोट पाहिलं का त्याचं? कसं सुटलं आहे."

पाहिलं होतं मी. आम्ही दोघं भर उन्हात दुसऱ्या ऑटोची वाट पाहत उभे राहिलो. जो माणूस माझ्या नवऱ्याच्या एका भाषणानं संपला असता, तो आम्हाला रस्त्यावर उभं करून, चिडून, जोरजोरात हॉर्न वाजवत आपल्या कामाला निघून गेला होता.